झीलकरी मन्मथअण्णा

मन्मथअण्णा कुठल्याही खोलीत शिरला की आधी टाळी वाजवायचा. मग ती लग्नाची असो, दवाखान्याची असो, नाहीतर कुणाच्या मयताची असो. एकच टाळी, आणि मग मान तिरकी करून ऐकणं. "लई घुमतंय," म्हणायचा, किंवा "हां, हितं बसतंय." शेजारच्या आजी वारल्या तेव्हा त्यांच्या घरात त्यानं अशीच टाळी दिली, आणि त्यांचा थोरला मुलगा रडायचं थांबून त्याच्याकडं बघतच राहिला. अण्णाला त्याचं काही नाही. बाहेर येऊन मला म्हणाला, "त्या खोलीत गाणं चांगलं व्हईल बघ."

तोंडावर मी त्याला अहोजाहोच करायची. वयानं पंधरा-सोळा वर्षांनी मोठा माणूस, वडिलांचा शिष्य. पण कागदावर मला आता ते जमत नाही, तेव्हा इथं एकेरीच चालवून घ्यावं.

कळंबच्या मार्केट यार्डात तो मापाडी होता. पोती मोजायची, आकडा मोठ्यानं पुकारायचा. आमच्याकडं मापाडी मोजायला लागला की 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले, पुकारायचं काम उरलं नाही, तरी अण्णाच्या तोंडातला लाभ गेला नाही. जिना चढताना लाभ, दोन, तीन. गोळ्या घेताना लाभ, दोन. माइक तपासताना लोक 'हॅलो हॅलो' करतात, हा माइकात तोंड घालून "लाभ, दोन, तीन" म्हणायचा आणि मग खाकरायचा.

पण त्याची खरी ओळख यार्डातली नव्हे, आमच्या घरातली. माझे वडील, आप्पा, स्वतः पदं रचायचे आणि भजनात म्हणायचे. अण्णा तीस वर्षं त्यांच्या मागं झील धरत होता. पुढच्यानं ओळ टाकली की मागच्यानं ती उचलायची, उंच सुरात परत द्यायची, तेवढ्यात पुढच्याला दम घेता येतो, ही झील. तिचा एकच नियम, पुढच्याला झाकायचं नाही. अण्णानं तो कधी मोडला नाही. आप्पांचा श्वास कुठं तुटतो, कुठं ते शब्द गिळतात, हे त्याला माझ्या आईपेक्षा जास्त माहीत होतं. गावात मजेनं आप्पांची नक्कलही करून दाखवायचा आणि आप्पाच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

मग आप्पांचा आवाज बसला. महिनाभर आम्ही काढे दिले. सोलापूरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील, आवाज राहणार नाही. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

मी शाळेत शिकवते. घरात आई, आप्पा आणि मी. परतीच्या एसटीत मी एवढंच ठरवलं की आप्पांची पदं त्यांच्या आवाजात ठेवायची. शब्द वहीत होते, पण चाल वहीत नव्हती, आणि आप्पा तर अजिबातच नव्हते. मोबाइलमध्ये दोन-चार तुकडे होते, त्यात आप्पांपेक्षा ढोलकीच जास्त. मी म्हटलं, मोबाइल समोर ठेवून रोज थोडं थोडं घेऊ.

अण्णाला ते लागलं. "मोबाइलवर भांडणं रेकॉर्ड करतेत अक्का. आप्पांना न्हाय. नीट करू. घरी कॉम्प्युटर हाय की तुझा."

कॉम्प्युटर होता, शाळेचे तक्ते भरायला घेतलेला. रेकॉर्डिंगमधलं त्याला माझ्याएवढंच कळत होतं, म्हणजे काही नाही. फरक इतकाच की मी घाबरत होते आणि तो घाबरत नव्हता. तो रोज फोनवर कुणाकुणाचे शिकवणीचे व्हिडिओ बघायचा; अर्धे इंग्रजीत, अर्धे हिंदीत, त्यातलं हाताला लागेल तेवढं घ्यायचा. माइक आणला, माइक कॉम्प्युटरला जोडायची एक छोटी लाल पेटी आणली, तिला तो शेवटपर्यंत 'डबी' म्हणत राहिला. सॉफ्टवेअर फुकटचं उतरवलं. पहिले दोन दिवस आवाज येईना. तिसऱ्या दिवशी आला तो शेजारच्या पिठाच्या गिरणीचा.

गिरणीवर त्यानं उपाय काढला. लोडशेडिंगचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ होतं. दुपारी वीज गेली की अख्खी गल्ली शिव्या घालायची आणि हा सायकलवर टांग टाकून आमच्याकडं यायचा. गिरणी बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. आमचा कॉम्प्युटर तेवढा इन्व्हर्टरवर. "सरकारनं आपल्यासाठी सोय केलीया," म्हणायचा.

खोली घुमत होती म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या. तरी कोपरे घुमतात असं त्याला कुठल्याशा व्हिडिओत दिसलं, म्हणून एका अडत्याची ज्वारीची पोती उचलून आणून चारी कोपऱ्यांत छतापर्यंत रचली. खोली शांत झाली खरी. पण ज्वारीत सोंडे किडे होते. चार दिवसांत ते गोधड्यांवर चढले, आईच्या देव्हाऱ्यात गेले, आणि एक पठ्ठ्या माइकच्या जाळीत शिरून ऐन पदात कुरकुरला. आई झाडू घेऊन उभी. आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "राहू द्या, त्योबी एक झीलकरीच हाय."

आप्पा त्याला असे चिमटे काढायचे. हेडफोन पहिल्यांदा घातला तेव्हा आप्पांना स्वतःचाच आवाज अर्ध्या क्षणानं मागून ऐकू येत होता. सॉफ्टवेअरची काहीतरी सेटिंग चुकलेली, ती सापडायला आम्हाला दोन दिवस लागले. आप्पा थांबले, मागं वळून बघितलं, मग हसले. "मन्मथ, ह्यो तुझ्यापेक्षा बरी झील धरतोय रं." सगळे हसलो. अण्णाही हसला, पण जरा उशिरा. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

मला त्यानं मनापासून शिकवलं, हे नाकारून चालणार नाही. माइकपासून वीतभर लांब बसायचं, आवाजाची रेघ लाल होऊ द्यायची नाही, फ्रिज बंद करायचा. (चालू करायची आठवण मात्र एकदाही झाली नाही, त्या तीन आठवड्यांत आमचं दूध किती वेळा नासलं ते आईला विचारा.) गाण्याआधीचं खाकरणं कसं कापायचं तेही त्यानंच दाखवलं. पडद्यावर आवाजाची पट्टी दिसते, तिची कड माउसनं धरून आत ढकलायची. मला भीती, कापलेलं गेलं तर? "कापलेलं मरत न्हाय अक्का, पदराखाली झाकतंय नुसतं. कड वढली की परत दिसतंय."

एकतीस पदं झाली. आप्पांचा आवाज फाटत होता, वर जाता जाता सुटत होता, मधे ढास लागायची. "पाणी दे गं," म्हणायचे, "परत घे रं, हे न्हाय चांगलं झालं." खिडकीतल्या चिमणीला हाकलायचे. 'पाय धुतले तेरणंला, मन धुवाया जागा न्हाय' हे तेरणा नदीवरचं पद तर सहा वेळा घेतलं. शेवटच्या वेळी संपवून आप्पांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "बास. आता काढू द्या त्यांना काय काढायचं ते." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरला गेलो. घराची किल्ली अण्णाकडं दिली. झाडांना पाणी घालायचं आणि पदं नीटनेटकी करून ठेवायची, एवढं काम.

परत आलो तर सगळी पदं एका पेनड्राइव्हवर तयार होती. अण्णानं लावली. स्वच्छ, मोकळा आवाज, वरचा सूर न सुटता लागलेला, मागं अण्णाची झील. मी म्हटलं, "अण्णा, घोगरेपणा कुठं गेला?" तो कॉम्प्युटरकडं बघत म्हणाला, "खरखर काढाया येती त्यात." शेजारीण म्हणाली, "तुम्ही नव्हता तवा रोज दुपारी आप्पांचा आवाज यायचा, जिवाला बरं वाटायचं." आम्हालाही बरं वाटलं. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. गळ्याला भोक, त्यावर पट्टी. संपल्यावर पाटी मागितली आणि लिहिलं, 'इतकं चांगलं म्हणालो का मी?' अण्णानं वाकून त्यांचे पाय धरले, आणि बराच वेळ उठलाच नाही. मला वाटलं, काय माणूस आहे, किती जीव आहे ह्याचा आप्पांवर.

आठ महिन्यांनी आप्पा गेले. आई रोज सकाळी पूजा झाली की स्पीकरवर एक पद लावायची. पोळ्या त्याच आवाजात व्हायच्या. एखादा दिवस वीज नसली की तिला दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं.

पहिल्या पुण्यस्मरणाला महिना राहिला होता. मला गाणं नको होतं, गाणी होतीच. मला आप्पांचं बोलणं पाहिजे होतं. ते 'पाणी दे गं'. ती ढास. चिमणीला हाकलणं. ते सगळं कापलेलं होतं, पण कापलेलं मरत नाही हे मला माहीत होतं. रविवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला, तेरणेचं पद काढलं, पट्टीची कड धरली आणि ओढली.

"लाभ, दोन, तीन." मग अण्णाचं खाकरणं. मग आप्पांचा आवाज, पहिली ओळ, दुसरी ओळ. मधेच तुटला. आणि त्याच तोंडातून, त्याच दमात, अण्णाचा आवाज: "हॅट्. आप्पा असं म्हणत न्हाईत. परत."

मी ते चार वेळा ऐकलं. मग दुसरं पद उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडं लाभ, सगळीकडं खाकरणं, सगळीकडं तोच. 'पाणी दे गं' कुठंच नव्हतं. बाहेर आईनं स्पीकर लावला होता आणि ती सोबत गुणगुणत होती.

तरीही मला वाटलं, मूळचं कुठंतरी असेल. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि एसटीनं धाराशिवला गेले. तिथं डिलीट झालेलं परत काढून देणारा एक दुकानदार आहे असं शाळेतल्या सरांनी सांगितलं होतं. त्यानं दोन तास बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, "मॅडम, पुसलेली फाइल लगेच जात नाही. जागा मोकळी आहे एवढीच खूण होते. पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं की मग संपलं. इथं तर त्यानंतर भरपूर रेकॉर्डिंग केलेलं दिसतंय. ते नसतं केलं तर बरंच निघालं असतं." मग कॉम्प्युटर बंद करत म्हणाला, "अशीच एक केस घेऊन एकजण आले होते विचारायला. भजनाची रेकॉर्डिंग पुसली गेली म्हणून. कळंबचेच होते. मी म्हणालो, मशीन चालूसुद्धा करू नका, तसंच घेऊन या. आले नाहीत. लक्षात राहिले, कारण दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी टाळी वाजवली."

मी कॉम्प्युटर परत गोधडीत गुंडाळला. कळंबला उतरले ती सरळ यार्डात गेले.

तो यार्डात पत्र्याच्या शेडखाली तुरीच्या ढिगाजवळ बसला होता. माझ्याकडं बघितलं आणि त्याला कळलं. उठला नाही.

"अक्का, डिस्क भरली म्हणत हुतं ते," त्यानं आपणच सुरुवात केली. "म्या मोठमोठ्या फायली काढून टाकल्या. बारक्या ठिवल्या. पदांची नावं बारक्यांवर हुती, मला वाटलं पदं त्यातच हायत. उघडून बघतो तर नुसती पट्टी. आत काय न्हाय." हसायला गेला. "जलम गेला मापात, आन् पोतं टाकून पावती ठिवली बघ म्या."

इतकंच असतं तर मी त्याला माफ केलं असतं. चूक माझ्याही हातून झाली असती. मी म्हटलं, "तुम्ही धाराशिवला गेला होता."

तो दोन बोटांनी तुरीचे दाणे सरळ करत राहिला.

"मशीन तसंच घेऊन या म्हणाला होता तो. का नाही नेलं? किल्ली तुमच्याकडं होती. सोलापूरला फोन केला असता तर मी तशीच उठून आले असते."

"आप्पांचं त्याच दिवशी आपरेशन हुतं. कसं सांगू?"

"मला सांगायचं. आप्पांना नाही."

"आर्धंमुर्धं निघालं असतं. फाटकं." मग खाली बघून म्हणाला, "खोटं न्हाय बोलत. घरी आलो, म्हणलं एक पद बघावं म्हणून. माइकफुडं बसलो. आप्पांच्या जागी. तीस वर्सं मागं हुतो अक्का. एक म्हणलं, बरं झालं. मग दुसरं म्हणलं. मग थांबवंना."

मला आजही ठरवता येत नाही की त्यातलं काय जास्त लागलं. आप्पांचा फाटका आवाज मला पाहिजे होता. तोच पाहिजे होता. तो अजून त्या मशीनमध्ये होता, जिवंत होता, आणि हा रोज दुपारी गिरणी बंद झाली की येऊन, गोधड्यांत बसून, त्याच्यावर स्वतःचं गाणं चढवत होता. आणि ते उत्तम गात होता. मी त्याला म्हटलं, "तुम्ही आप्पांना दोनदा पुसलं." आणि निघाले. मोबाइलवर घेऊ, असं मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ते तेव्हा तोंडावर आलं होतं. बोलले नाही.

आप्पांनी ओळखलं होतं का, हे आता कुणाला विचारायचं? तो पाटीवरचा प्रश्न मी वेगवेगळ्या तऱ्हेनं वाचून बघते. काहीच हाती लागत नाही.

पुण्यस्मरणाच्या दिवशी घरात पंधरा-वीस माणसं होती. अण्णाला मी बोलावलं नव्हतं, आईनं बोलावलं होतं. तो आला, यार्डातल्याच कपड्यांत, आणि पहिल्यांदाच टाळी न वाजवता दाराजवळ बसला. तेवढ्या दिवसांत गाल बसले होते त्याचे. मला कीव आली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

प्रसाद झाला. आईनं स्पीकर मधे आणून ठेवला. "मन्मथ, लांब का बसलास? फुडं ये. आप्पा म्हणत्यात, झील कोण धरणार?"

"अव्वा, त्यात हाय की माझी झील."

"ती येगळी. तू धर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नजर काढली नाही. आईला मी काही सांगितलेलं नव्हतं, सांगणारही नव्हते. नवरा एकदा गेलाय तिचा, परत कशाला. पण त्याला सोडवणारही नव्हते. तो सरकत पुढं आला, मांडी घातली. पद सुरू झालं. पहिली ओळ आली, त्यानं तोंड उघडलं, आणि तीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं, सूर लागेना. दुसऱ्या ओळीला परत उचलायला गेला, खाली घसरला. सगळे खाली बघायला लागले.

आई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून मायेनं म्हणाली, "आज तुझा सूर बसंना रं मन्मथ. आप्पा बघ कसं मोकळं म्हणत्यात. ते कुठं, आन् तू कुठं."

"व्हय अव्वा," तो म्हणाला.

पद संपायच्या आत तो उठला. मी दारापर्यंत गेले, का गेले ते माहीत नाही. चपला घालताना त्यानं विचारलं, "सांगितलं न्हाईस अव्वाला?"

"तुमच्यासाठी नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही, आणि यार्डाच्या रस्त्यानं मीही जात नाही. तो गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल तोच आतून आईची हाक आली, "गं सुमे, संपलं बघ ते. परत लाव."

मी आत गेले आणि परत लावलं.